तरंगतं ते टिकतं कसं? ऑफशोर प्लॅटफॉर्मबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बॉम्बे हायवरच्या तेलाबद्दल लिहिलं होतं, त्यात शेवटी दोन ओळी तरंगत्या प्लॅटफॉर्मवर होत्या, आणि गंमत म्हणजे पत्रं आणि मेसेज सगळे त्या दोन ओळींवरच आले. या वेळचं सदर म्हणून त्यालाच देतोय. प्रश्न थोडे छाटलेत, नावं गाळलीत.

नातवाला एफपीएसओवर नोकरी लागलीये. तो म्हणतो, आजी ते जहाजच आहे पण ते कुठे जात नाही. टीव्हीवर तर तेलाच्या प्लॅटफॉर्मला चांगले लोखंडी पाय दिसतात. मग खरं काय? (एक आजी, दादर)

आजी, दोन्ही खरं आहे. मुंबईवाल्याच्या डोळ्यासमोर जो प्लॅटफॉर्म येतो तो बॉम्बे हायचा, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, आणि तिथे पाणी जेमतेम ७५-८० मीटर खोल. एवढ्या पाण्यात लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करतात, त्याला जॅकेट म्हणतात, त्याच्या पायांतून समुद्राच्या तळात पाइल ठोकतात आणि वर डेक बसवतात. तो हलत नाही, कुठे जात नाही, आणि तेल तळावरच्या पाइपलाइनने थेट उरणला येतं.

तुमच्या नातवाचं प्रकरण वेगळं. एफपीएसओ म्हणजे फ्लोटिंग प्रॉडक्शन, स्टोरेज अँड ऑफलोडिंग, म्हणजे तरंगत तेल काढायचं, पोटात साठवायचं आणि दुसऱ्या टँकरला द्यायचं, तिन्ही कामं एकाच बोटीवर. बऱ्याचदा जुना मोठा तेलवाहू टँकर घेऊन त्याच्याच डेकवर अख्खा प्लांट चढवतात. विहिरीतून नुसतं तेल येत नाही हो, तेल, गॅस, खारं पाणी, कधी वाळू असा सगळा काला वर येतो, तो सेपरेटरमध्ये वेगळा करायचा, पाणी साफ करून सोडायचं किंवा परत जमिनीत दाबायचं, गॅसवर बोटीचे टर्बाइन चालवायचे, आणि तेल खालच्या टाक्यांत. टाक्या भरत आल्या की दुसरा टँकर मागून येतो, मध्ये जाड दोर, पाण्यावर तरंगणारा होज, आणि तेल तिकडे ढकललं जातं. हे दिवसभराचं काम आणि त्या वेळी ब्रिजवर कुणी गप्पा मारत नाही.

जगातलं पहिलं एफपीएसओ १९७७ साली स्पेनच्या किनाऱ्यासमोर लागलं, शेलचं 'कॅस्टेलॉन'. आपल्याकडे खोल पाण्यात पहिल्यांदा २००८ मध्ये, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सच्या केजी-डी६ वर. आणि मुंबईच्या बाजूलासुद्धा आहे बरं का, पश्चिमेला साधारण २०० किलोमीटरवर ओएनजीसीच्या डी-१ क्षेत्रावर 'आर्मडा स्टर्लिंग' २०१३ पासून आहे. तिथे पाणी नव्वद मीटरच्या आतच, म्हणजे पाय रोवता आले असते. पण एवढ्या लांबून किनाऱ्यापर्यंत नवी पाइपलाइन टाकायचा खर्च छोट्या क्षेत्राला परवडत नाही, त्यापेक्षा भाड्याची बोट आणा, तेल तिच्यातच साठवा, आणि विहिरी आटल्या की बोट उचलून दुसरीकडे न्या. म्हणजे प्रत्येक वेळी खोली बघून ठरत नाही, पुष्कळदा हिशोब बघून ठरतं.

जेवणाची काळजी नको, मेस चांगली असते. बोट मात्र लागते सुरुवातीला, आवळासुपारी द्या सोबत.

कॉलेजच्या सेमिनारसाठी विषय घेतलाय. पायवाला प्लॅटफॉर्म किती खोल जाऊ शकतो, आणि सेमी-सबमर्सिबल, स्पार, टीएलपी यांत नेमका फरक काय? नेटवर नुसते फोटो आणि व्याख्या आहेत, "का" कुणी सांगत नाही. (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, ठाणे)

मित्रा, याचं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पायवाल्यांत सगळ्यात खोल गेलेलं नेहमीचं स्टील जॅकेट म्हणजे मेक्सिकोच्या आखातातलं 'बुलविंकल', १९८८ साली, पाणी ४१२ मीटर. त्यापुढे कुणी का गेलं नाही? बहुतेक जण म्हणतात स्टील फार लागतं म्हणून. ते बरोबरच आहे, पण अर्धंच. प्रत्येक वस्तूला हलायची स्वतःची एक लय असते, एकदा ढकललं की ती किती सेकंदांत इकडून तिकडे जाऊन परत येते ती. झोपाळ्याला बरोबर त्याच्या लयीत हात लावत राहिलं की हलक्या धक्क्यानेही तो उंच जातो, भलत्याच लयीत ढकललं तर जागच्या जागी अडखळतो. समुद्रात धक्के देणाऱ्या लाटा साधारण ५ ते २० सेकंदांच्या, त्यातही वादळातल्या जोरकस लाटा १० ते १५च्या आसपास. बुटकं जॅकेट ताठ असतं, त्याची लय दोन-तीन सेकंदांची, लाटांच्या खूप खाली, म्हणून सुरक्षित. पण उंची वाढवत नेलीस की ते लवचीक होतं, लय लांबत लांबत लाटांच्या लयीला भिडायला लागते, आणि मग ते ताठ ठेवायला स्टील ओतत बसावं लागतं. तिथे गणित संपतं.

आता हेच डोक्यात ठेवून तरंगत्यांकडे बघ, मग व्याख्या पाठ करायची गरजच नाही. प्रत्येक डिझाइन म्हणजे लाटांच्या ५ ते २० सेकंदांच्या पट्ट्यातून निसटायची एकेक युक्ती आहे.

टीएलपी, म्हणजे टेन्शन लेग प्लॅटफॉर्म, पट्ट्याच्या खालून निसटतो. त्याच्या तरंगणाऱ्या भागाला वजनापेक्षा बरीच जास्त उचल देतात, तो वर उसळायला बघतो, आणि उभ्या स्टीलच्या पाइपांनी, त्यांना टेंडन म्हणतात, त्याला तळाशी खेचून धरतात. टेंडन कायम ताणलेले, त्यामुळे वर-खाली हलणं जवळजवळ बंद, लय दोन-चार सेकंदांची. आडवा मात्र तो सरकतो, वारा आला की बाजूला जातो आणि जाताना किंचित खाली बसतो. पहिला टीएलपी उत्तर समुद्रात 'हटन' क्षेत्रावर १९८४ मध्ये, पाणी दीडशे मीटरच्या आतबाहेर. खोली वाढली की टेंडन लांब होतात, लांब झाले की त्यांनाच ताण-लवचीकपणा येतो, लय परत लाटांकडे सरकते, म्हणून दीड किलोमीटर पाण्याच्या आसपास त्याची मजल थांबते. बघ, पुन्हा तेच कारण.

स्पार उलट, पट्ट्याच्या वरून निसटतो. उभा प्रचंड सिलिंडर, बहुतेक सगळा पाण्याखाली, बुडाशी जड बॅलास्ट, म्हणजे तोल सांभाळायला भरलेलं वजन. लाटेची हालचाल वरच्या थरातच असते, खाली झपाट्याने मरते. १० सेकंदांची लाट खोल पाण्यात साधारण १५६ मीटर लांब असते आणि तिच्या निम्म्या लांबीच्या खाली गेलास की पाणी जवळपास शांत. स्पारचं बूड त्याच्याही खाली पोचतं. 'परडीडो' नावाचा स्पार आहे मेक्सिकोच्या आखातात, त्याचं शरीर साधारण १७० मीटर उंच आणि ३६ मीटर व्यासाचं, आणि तो उभा आहे जवळजवळ अडीच किलोमीटर खोल पाण्यावर. स्पारची वर-खालीची लय पंचवीस-तीस सेकंदांची, लाट येते आणि जाते, त्याला डुलायला वेळच मिळत नाही. फोटोत त्याच्या अंगावर स्क्रूसारखी गुंडाळलेली पट्टी दिसेल, ती शोभेला नाही. प्रवाह गोल खांबावरून जाताना मागे एकाआड एक भोवरे सुटतात आणि खांबाला आडवं हलवतात, ती पट्टी भोवरे एकत्र जुळू देत नाही. ही पट्टी सेमिनारमध्ये नक्की दाखव, मास्तर खूश होतात.

सेमी-सबमर्सिबल मधला गडी. खाली पाण्यात बुडालेले पोंटून, म्हणजे मोठे पोकळ तराफे, त्यावर चार किंवा जास्त जाड खांब, वर डेक. पाण्याच्या पातळीवर फक्त खांब असतात, त्यामुळे लाटेला धरायला जागा कमी, लय वीस सेकंदांच्या वर. तरी टीएलपी किंवा स्पारइतका तो स्थिर नाही. म्हणून टीएलपी-स्पारवर विहिरीचे व्हॉल्व्ह डेकवर ठेवता येतात, वरूनच विहिरीत उतरून दुरुस्ती करता येते, पण सेमी किंवा एफपीएसओ असेल तर ते बहुतेक वेळा समुद्रतळावर जातात आणि दुरुस्तीला वेगळी रिग, म्हणजे विहिरी खोदायचं फिरतं युनिट, बोलवावी लागते, तिचं दिवसाचं भाडं ऐकलं तर झोप उडते.

आणि एफपीएसओ? ते बिचारं जहाजच, त्याची वर-खालीची लय दहा सेकंदांच्या आसपास, म्हणजे ऐन पट्ट्यात. ते निसटत नाही, ते तोंड फिरवतं. नाकाशी टरेट नावाचं मोठं उभं नळकांडं, ते साखळ्यांनी तळाला बांधलेलं, आणि अख्खं जहाज बेअरिंगवर त्याच्याभोवती फिरतं. आपल्याकडे पावसाळ्यात नैऋत्येचा वारा, तर नाक नैऋत्येला, हिवाळ्यात वारा उत्तरेकडून तर ते फिरून उत्तरेला, कुणी सुकाणू न धरता. लाट कायम समोरून घेतली की जहाज आडवं लोळत नाही. तेल येतं ते टरेटच्या मधून, आणि फिरत्या जहाजात न फिरणारा पाइप जोडायला जो सांधा लागतो तो स्विव्हल. गॅस, तेल, पाणी, वीज, सिग्नल सगळं त्या एका फिरत्या सांध्यातून, एकावर एक थर रचलेले. माझ्या मते पूर्ण ऑफशोर इंजिनीअरिंगमधली सगळ्यात सुंदर वस्तू ती आहे, पण तिचे फोटो कुणी काढत नाही. अंगोला किंवा ब्राझीलसारख्या ठिकाणी, जिथे लाटांची दिशा बऱ्यापैकी ठरलेली, तिथे टरेट न लावता चारी कोपऱ्यांतून बांधूनही चालवतात.

सागर सम्राट तरंगतो की उभा असतो? वडील म्हणतात तरंगतो. (उरण)

वडीलही बरोबर. तो जॅक-अप रिग. एका जागेवरून दुसरीकडे नेताना पाय वर उचललेले आणि तो तरंगत असतो, पोचला की पाय तळाला टेकवतो आणि स्वतःला पाण्याच्या वर उचलून उभा राहतो. याच रिगने १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल शोधलं. नंतर त्याचं रूपांतर तेल काढणाऱ्या युनिटमध्ये केलं आणि २०२२च्या डिसेंबरात तो त्या कामाला लागला. एक रुपयाची नोट कुठे ठेवली असेल तर मागची बाजू बघा, त्यावर जो सांगाडा छापलाय तो हाच.

मिस्टर ऑफशोरला असतात, चौदा दिवस तिकडे चौदा दिवस घरी. पी-३०५ झालं तेव्हा ते घरी होते म्हणून वाचले असं मी अजून म्हणते. आता कंपनी त्यांना एफपीएसओवर पाठवणार आहे. तेही साखळीनेच बांधलेलं ना? मग ते वाहून जाणार नाही कशावरून? (डोंबिवली)

ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, आणि "काळजी करू नका" असं उत्तर मी देणार नाही.

पी-३०५ ही राहण्याची बार्ज होती. कामगारांच्या निवासासाठी, काम चालू असेल तिथे तात्पुरती अँकर टाकून उभी केलेली. तौक्ते वादळात अँकर टिकले नाहीत, ती वाहत गेली आणि १७ मे २०२१ला बुडाली, सत्तरहून जास्त माणसं गेली. तात्पुरत्या नांगरणीचा हिशोब मुळातच वेगळा असतो. फिरत्या युनिटच्या नांगरणीला पाच-दहा वर्षांतून एकदा येणारं हवामान धरायची पद्धत आहे, कारण त्याहून मोठं काही येणार असेल तर ते युनिट आधीच निघून जाईल असं गृहीत असतं. निघून गेलं नाही तर काय होतं ते आपण पाहिलं.

कायमच्या एफपीएसओला शंभर वर्षांतून एकदा येणारं वादळ धरतात. याचा अर्थ शंभर वर्षं निवांत असा नाही, दर वर्षी १ टक्का शक्यता. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात असं वादळ निदान एकदा गाठण्याची शक्यता साधारण २२ टक्के येते, म्हणजे ते येईल असं धरूनच डिझाइन करायचं असतं. त्यावर आणखी एक अट, जहाजाला तळाशी बांधणाऱ्या सगळ्या साखळ्यांपैकी, त्यांना लाइन म्हणतात, एक तुटलेली असताना उरलेल्यांनी ते वादळ झेलून दाखवलं पाहिजे. अँकरही नुसते टाकलेले नसतात, बऱ्याच ठिकाणी तळात पाइल गाडून त्याला साखळी बांधतात. साखळीची एकेक कडी शंभर किलोच्या वर जाते.

तरी घडतं. उत्तर समुद्रात 'ग्रायफन' नावाच्या एफपीएसओच्या फेब्रुवारी २०११ मध्ये वादळात चार लाइन तुटल्या. पहिली तुटली, मग जहाजाचं नाक लाटेवरून ढळलं, ते आडवं झालं, आडव्या जहाजावर लाटांचा जोर कितीतरी वाढतो, मग बाकीच्या तुटल्या. जीवितहानी झाली नाही, पण तळाकडे जाणाऱ्या पाइपांची वाट लागली आणि काम दीर्घकाळ बंद. त्याआधी २००५ मध्ये हरिकेन रीटामध्ये 'टायफून' नावाचा टीएलपी चक्क उलटा झाला. त्यावर माणूस नव्हता, कारण वादळाआधीच सगळ्यांना उतरवलं होतं. ऑस्ट्रेलिया, दक्षिण चीन समुद्र अशा चक्रीवादळांच्या भागात तर काही एफपीएसओ टरेटचा बोया सोडून देऊन स्वतः चालत निघून जातात, वादळ गेलं की परत येऊन बोया पकडतात.

म्हणून मिस्टरांना तीन गोष्टी विचारा. ते झोपणार कुठे, एफपीएसओवरच की शेजारच्या बार्जवर, कारण ऑफर लेटरमध्ये एक आणि प्रत्यक्षात दुसरं असं सबकॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या बाबतीत सर्रास होतं. वादळाचा इशारा आला तर माणसं उतरवायचा निर्णय कोण घेतं, बोटीवरचा मास्टर की किनाऱ्यावर बसलेला साहेब. आणि हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं ते ट्रेनिंग, सगळे त्याला ह्युएट म्हणतात, ते झालंय का आणि सर्टिफिकेट चालू आहे का. जुहूहून चॉपरमध्ये बसणाऱ्याकडे ते असायलाच हवं. तिन्हीची सरळ उत्तरं आली तर जाऊ द्या.

एवढं अवाढव्य धूड, पन्नास टाक्या, कंप्युटर, तरी बुडतं कसं? (निवृत्त मरीन इंजिनीअर, अंधेरी)

साहेब, तुम्हाला माहीत असणार, पण इतरांसाठी लिहितो. पायवाल्या प्लॅटफॉर्मचा शत्रू आग आणि धडक, २००५च्या जुलैत बॉम्बे हाय नॉर्थला तेच झालं, मदतीची बोट राइझरला, म्हणजे तळावरून वर येणाऱ्या तेल-गॅसच्या पाइपला, धडकली, गॅस पेटला आणि प्लॅटफॉर्म दोनेक तासांत कोसळला, २२ जण गेले. तरंगत्यांना हे दोन आहेतच, वर तिसरा म्हणजे नको तिथे शिरलेलं पाणी.

१९८२च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या न्यूफाउंडलंडसमोर 'ओशन रेंजर' ही सेमी-सबमर्सिबल ड्रिलिंग रिग बुडाली ती एका काचेपायी. बॅलास्ट कंट्रोल रूम एका खांबात होती, पाण्याच्या पातळीपासून फार उंच नाही, आणि तिला गोल खिडकी. वादळात लाटेने ती काच फोडली, खारं पाणी थेट पॅनलवर. पॅनल भिजल्यावर व्हॉल्व्हचं काही खरं राहिलं नाही. लोकांनी वीज बंद केली, नंतर पुन्हा चालू केली, पितळी रॉड घालून हाताने व्हॉल्व्ह चालवायचा प्रयत्न केला, पण ते नीट कसं करायचं हे कुणाला शिकवलेलंच नव्हतं, आणि रिग पुढे कलत गेली. कलली तशी खांबांतल्या साखळ्यांच्या कोठारांची तोंडं पाण्यात आली आणि तिथून पाणी भरलं. ८४ माणसं होती, ८४ गेली. थंड पाण्यात घालायचे सूट रिगवर नव्हते.

ब्राझीलचं पी-३६ २००१ मध्ये गेलं, ते त्या वेळचं जगातलं सगळ्यात मोठं सेमी होतं. तिथे एका खांबाच्या आतली ड्रेनची टाकी दाबाने फुटली, गॅस पसरला, स्फोट झाला, ११ जण गेले. पण ते बुडालं पाच दिवसांनी, कारण उघडी राहिलेली मॅनहोल आणि बंद न झालेले हवेचे मार्ग यांतून पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जात राहिलं. कप्पे कागदावर वेगळे होते. म्हणून मला विचाराल तर लाटांच्या गणितापेक्षा दर शिफ्टला कोणतं झाकण उघडं आहे याची नोंद ठेवणारा माणूस जास्त महत्त्वाचा, आणि नेमका तोच माणूस सगळ्यात कमी पगारावर असतो.

२०२४ मध्ये कृष्णा-गोदावरीतून खोल समुद्रातलं नवीन तेल आलं म्हणे. पेट्रोल स्वस्त होणार का? (मुलुंड)

नाही. तेल आलं हे खरं, जानेवारी २०२४ मध्ये ९८/२ ब्लॉकमधून, एफपीएसओवरच, काकीनाड्यासमोर. पण आपण लागतं त्यातलं बहुतेक क्रूड बाहेरून आणतो आणि पंपावरचा भाव ठरतो जागतिक बाजार आणि टॅक्सवर.

आम्ही वेसाव्याचे मच्छीमार. प्लॅटफॉर्मच्या जवळ मासळी भरपूर असते पण पाचशे मीटरच्या आत गेलं की नेव्ही-कोस्टगार्ड पकडतं. आता ही तरंगती बोट, तिला पाय नाहीत, तर तिच्याजवळ गेलं तर काय बिघडतं? (एक तांडेल)

दादा, तिच्याजवळ तर अजिबातच जाऊ नका, पायवाल्यापेक्षा तिथे धोका जास्त. पाचशे मीटरचा नियम तिलाही आहे, आणि तो कागदी नाही. जहाज टरेटभोवती फिरतं, सकाळी शेपूट जिथे होतं तिथे संध्याकाळच्या भरतीला नसेल, तुम्ही इंजिन बंद करून जाळं टाकून बसलात आणि अडीचशे मीटरचं धूड तुमच्याकडे वळलं तर जाळं ओढायला वेळ मिळणार नाही. मागे टँकर लागलेला असेल तर मधला दोर आणि होज रात्री दिसतही नाही.

आणि साखळ्या पाचशे मीटरवर संपत नाहीत. ऐंशी-नव्वद मीटर पाण्यात साखळी उभी जात नाही, ती लांबवर तळावर पसरते, किलोमीटरभर किंवा जास्त, चहूबाजूंनी. तळाला घासत जाणारं ट्रॉलचं जाळं तिच्यात अडकलं तर जाळं तुटेल तेव्हा तुटेल, त्याआधी वारपाने, म्हणजे जाळं ओढायच्या दोराने, बोट मागे दबून पाणी आत येऊ शकतं. अडकलंच तर जोर लावून ओढू नका, वारप कापा, जागेचं जीपीएस लिहून घ्या आणि व्हीएचएफ १६ वर कळवा.

मासळी तिथे गोळा होते हे खरं आहे, सावली आणि लोखंडावरचं शेवाळ-कालवं, त्यावर लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. नुकसानभरपाईचं विचारलंय तुम्ही पत्रात पुढे, तर ते सोसायटीमार्फत लेखी मांडा, मत्स्यव्यवसाय खात्याला प्रत द्या, एकट्याने फोन करून कुणी दाद देत नाही.